ठमीबाईचा सूर

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. जपानमधल्या एका कारखान्यात जन्मलो, कुणा खलाशाबरोबर बोटीने मुंबईत आलो आणि उरणच्या दिनानाथने आपल्या बँजो पार्टीसाठी मला विकत घेतले. मी पहिल्यापासून नाजूक. हवा जरा बदलली की माझा सूर सरकतो. त्यात इथली खारी हवा! मिठागराजवळ लोखंड टिकत नाही, तिथे माझा काय पाड?

दिनानाथची आई ठमीबाई धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावण्याचा मान तिचा. ती गाताना मी खाली एकच सूर धरून ठेवायचो. निघण्याआधी दिनानाथ मला चालू करून तापू द्यायचा. मग ठमीबाई 'आऽ' असा नुसता आकार लावायची आणि तो माझे सुराचे बटण फिरवायचा.

"थोरा चढव रं," ती म्हणायची. "हां, आता बस."

पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधला सूर होता तो. पेटीवाले नाक मुरडायचे. मला मात्र त्याचा भारी गर्व होता.

गावात दुसरी धवलारीण उरली नव्हती. सून नूतनने सगळे शब्द पाठ केले, पण सूर काही तिच्या गळ्यात बसेना. तिने एकदा मोबाईल पुढे केला, तर ठमीबाई म्हणाली, "देवाचा गाना हाय, डब्यात भरायचा न्हाय."

गेल्या वर्षी ठमीबाई गेली. तिने शेवटचा लावून घेतलेला सूर हलू नये म्हणून तेव्हापासून दिनानाथने मला बंदच केले नाही. बटणाला कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीदच होती. संध्याकाळी नूतन माझ्या सुरावर धवले घोकायची. हळूहळू जमूही लागले होते.

मग दसरा आला. त्या दिवशी घरातल्या हत्यारांना विश्रांती द्यायची, पुसून पूजा करायची. नूतनने भक्तिभावाने माझी पिन काढली. ओल्या फडक्याने खारटाण पुसले, एकेक बटण लख्ख केले, झेंडू वाहिला. फडक्याखाली सुराचे बटणही फिरत होते. मी बंद होतो. ओरडणार तरी कसा?

दुसऱ्या दिवशी दिनानाथने मला चालू केले, आणि भलताच सूर उमटला. नूतनची नजर सुराच्या बटणावर गेली.

"माजीच चूक," ती म्हणाली.

"पूजाच केलीस ना? मंग झाला," दिनानाथ म्हणाला. मग तो कितीतरी वेळ बटण फिरवत राहिला. "ह्योच का गो?"

"आसंल," नूतन म्हणाली.

परवा शेजारच्या किशोरीच्या लग्नात नूतन त्याच सुरावर धवले गायली. लोक म्हणाले, अगदी ठमीबाईच. दिनानाथ खाली मान घालून बसला होता.

मित्रांनो, माझी निगा राखा, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? माझी निगाच राखली होती. पण तुमच्या घरात कुणी गाणारे असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि त्याचा सूर आपल्या गळ्यात घ्या. माझ्या भरवशावर राहू नका. माझ्या पिढीच्या यंत्रांना आठवण ठेवता येत नाही. परवा मी धरला तो सूर तिचा होता की नाही, हे मलाही ठाऊक नाही.