तेरा नंबरमधलं पाणी

अठ्ठावीस वर्षं मी ओलोमोउत्स शहराच्या ट्रामवर तिकीट तपासनीस होते. माणूस चढला की आधी त्याचे डोळे बघायचे, मग हात, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. नोकरी संपली, पण जित्याची खोड कुठे जाते? म्हणून जानेवारीत आमच्या गॅरेजच्या हवा खेळायच्या झडपा मला बंद दिसल्या, तेव्हा वाऱ्याने लागल्या असतील असं मनातही आलं नाही. आदल्या दिवशी मी त्या स्वतःच्या हाताने उघड्या ठेवल्या होत्या. म्हणजे कुणीतरी आत येऊन गेलं होतं.

नदीकाठची आमची गॅरेजची रांग सव्वीस दारांची, त्यात तेरा नंबर आमचा. आत माझ्या नवऱ्याची, रोस्त्याची, लाल जावा मोटरसायकल. रोस्त्या सप्टेंबरात गेला. आमची मुलगी युदिता ब्रनोला असते. तिचं म्हणणं पडलं की गाडी आणि गॅरेज दोन्ही विकून मोकळं व्हावं. आम्ही दोघी आठवडाभर भांडलो. शेवटी तिने अट घातली की ईस्टरला ती येईल, गाडी किकवर सुरू झाली तर राहील, नाही झाली तर ती गिऱ्हाईक बघेल. मी लगेच हो म्हटलं. रोस्त्याच्या सगळ्या वस्तूंत त्याचा हात फिरलेली अशी तेवढी एकच उरली होती, आणि एक हिवाळा ती कोरडी ठेवायची यात काय मोठं, असं मला वाटलं.

आमच्या रांगेला विजेची एकच तार येते, तीही पातळ. कुणी हीटर किंवा हवा सुकवायचं यंत्र लावलं की सव्वीसच्या सव्वीस दारं अंधारात. म्हणून गॅरेजवाल्यांच्या समितीचा नियमच आहे: एक दिवा आणि बॅटरी चार्ज करायला एक प्लग, बाकी काही नाही. वीज वाचते, भांडणं वाचतात. पण मग वीज न जाळता गॅरेज कोरडं कसं ठेवायचं? रोस्त्या काय करायचा ते मी वर्षानुवर्षं बघितलं होतं. थंडीत जरा ऊन पडलं की तो दार सताड उघडायचा, वरची आणि खालची झडप उघडायचा आणि दुपारभर तिथेच बसायचा. मीही तेच सुरू केलं. उन्हात कपडे वाळतात, तर गॅरेज का वाळू नये?

बारा नंबर ओटाकारचा. रेल्वेत फिटर होता, आता निवृत्त. रोस्त्याचा तीस वर्षांचा दोस्त. रविवारी न विचारता आमच्या स्वयंपाकघरात शिरून भांड्याचं झाकण उचलून बघणारा. आमच्या गॅरेजची एक किल्ली रोस्त्याने त्याला देऊन ठेवलेली होती. ऑक्टोबरमध्ये तो झडपांबद्दल काहीतरी सांगायला आला होता. मी त्याला पुरतं बोलूच दिलं नाही. "ही गाडी चाळीस वर्षं आमच्या घरात आहे, मला शिकवू नकोस," एवढंच म्हटलं. तो टोपीशी चाळा करत उभा राहिला आणि निघून गेला. पण त्याआधी, रोस्त्याच्या दफनानंतरच्या जेवणात, त्याने एक वाक्य टाकलं होतं ते मी विसरले नव्हते: विकायचीच झाली तर आधी मला सांग.

चौदा नंबरच्या बोझेनाला मी बंद झडपांचं सांगितलं. तिने डोळे बारीक केले. "कुठेतरी पाणी मुरतंय गं," ती म्हणाली. "गंजकी गाडी कमी भावात मिळते. फिटर माणूस, त्याला दुरुस्त करायला कितीसा वेळ?" हे माझ्याही डोक्यात होतंच, पण दुसऱ्याच्या तोंडून आलं की खरं वाटायला लागतं.

मग मी ट्रामवरची हुशारी काढली. दाराच्या आत फरशीवर मैदा भुरभुरला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी मैद्यात बुटांचे ठसे. मोठे, उजवी टाच आतून झिजलेली. ओटाकार उजव्या पायाने जरा ओढतच चालतो. झडपा पुन्हा बंद, आणि गाडीवरची चादर भलत्याच घडीने घातलेली. मला राग यायला हवा होता, पण आधी आनंद झाला. विनातिकीट माणूस सापडल्यावर व्हायचा तसा. त्याच दुपारी मी कुलूप बदललं आणि कुणाला काही बोलले नाही.

फेब्रुवारीत बर्फ वितळायला लागलं. नदीवरून मऊ, उबदार वारा, वर स्वच्छ ऊन. मी रोज दुपारी दार उघडून बसायचे, संध्याकाळी लावायचे. एकदा सहज चादरीखाली हात घातला, तर हात ओला निघाला. टाकीवर पाणी, मडगार्डवर पाणी, हँडलवरून थेंब गळत होते. कुलूप नवं, किल्ली फक्त माझ्याकडे, आणि गाडी आधीपेक्षा जास्त ओली. मी पुसली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. वरच्या झडपेतून नळी घालून पाणी मारत असेल, किंवा नवी किल्ली करून घेतली असेल, असं मला वाटलं. ओटाकार दिसला की मी त्याच्या हातांकडे बघायचे. तो नमस्कार करायचा, मी करायचे नाही.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी रांगेची साफसफाई असते. सगळे मिळून गटारं उपसतात, छपराला डांबर लावतात, मग टेबल मांडून सॉसेज भाजतात. प्लेटी हातात आल्या आणि मला राहवलं नाही.

"आपल्यातला एक माणूस दुसऱ्याच्या गॅरेजात शिरतो," मी म्हटलं. "विधवेच्या गाडीवर पाणी मारतो. गंजली म्हणजे आयती पदरात पडेल."

नाव घेतलं नाही, पण बघत ओटाकारकडेच होते. मग सगळेच त्याच्याकडे बघायला लागले. त्याने प्लेट खाली ठेवली, खिशातून जुडगा काढला, त्यातली एक किल्ली सोडवली आणि मोहरीच्या बाटलीशेजारी ठेवली.

"ही जानेवारीपासून लागत नाही. मी लावून पाहिली."

"मग पाणी कोण मारतं?"

"ते तुम्हीच बघा, मिलादाबाई."

तीस वर्षं आमचं अरे-तुरे. आमच्याकडे ते एकदा सुरू झालं की मरेपर्यंत कुणी मागे घेत नाही. त्याने ते मागे घेतलं, आणि पाय ओढत बंधाऱ्याकडे चालायला लागला. त्या वेळीही मी मनात म्हटलं, नाटक करतोय.

दुसऱ्या दिवशी मी पहाऱ्यालाच बसले. रात्र कडक थंडीची होती, दुपार एकदम उबदार झाली. टॉवेलने गाडीचा कानाकोपरा कोरडा केला, दार उघडलं, खुर्ची टाकली, आणि आज पाणी कुठून येतं ते बघतेच म्हणून टाकीवर नजर रोखून बसले. कुणी आलं नाही. अर्ध्या तासाने टाकीची चकाकी गेली, आरशावर फुंकर मारल्यासारखी. मी बोट फिरवलं, रेघ उमटली. मग फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला सुटतो तसा सगळ्या गाडीला घाम सुटला. थेंब जमले, जड झाले आणि माझ्या डोळ्यांदेखत फरशीवर पडायला लागले. आतलं लोखंड आणि सिमेंट हिवाळाभर गारठलेलं, आणि मी त्यावर रोज नदीवरची ओली, उबदार हवा सोडत होते. चोर उघड्या दारातून येत होता आणि दार मी उघडत होते.

मी उठून किकवर पाय ठेवला. ती हलली नाही. सगळं वजन टाकून उभी राहिले, तरी नाही. इंजिन आतून गंजून जाम झालं होतं. मी तिथेच सीटवर डोकं टेकून रडले.

मग ओटाकारच्या घरी गेले. तो बटाटे सोलत होता. आत ये म्हणाला नाही. मी दारातूनच विचारलं, त्यानेही दारातूनच सांगितलं. कोरड्या, गोठलेल्या सकाळी झडपा उघडायच्या आणि हवा उबदार झाली की सगळं घट्ट बंद करायचं, बस. विजेची गरजच नाही. रोस्त्या असताना ते काम ओटाकारच करायचा. यंदाही मी कुलूप बदलेपर्यंत करत होता: मी दार लावून गेले की यायचा, गाडी पुसायचा, झडपा बंद करायचा.

"आणि रोस्त्या दुपारभर दार उघडून बसायचा ते?"

"ते बिअर प्यायला. घरी तुम्ही पिऊ द्यायच्या नाहीत. तो गेला की गाडी मी पुसायचो."

मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे चोर मी आणि फाशी देणारीही मीच. माझं चुकलं, असं मी सरळ म्हटलं. त्याने हातातला बटाटा सोलून संपवला. मग ईस्टरला किती दिवस आहेत ते विचारलं. चौदा होते.

सकाळी तो हत्यारांची पेटी घेऊन आला आणि उंबऱ्यावर थांबला.

"आधी तुम्ही आत व्हा. माझं काम चालेल तोवर इथेच उभ्या राहा."

"अरे, कशाला ते?"

"उद्या काही ओलं निघालं तर तुम्ही पाहिलेलं असावं."

तो हे टोमण्याने म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी उभी राहिले. त्याने स्पार्क प्लगच्या भोकातून इंजिनात तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग इंजिनचं वरचं झाकण काढून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके हलके ठोकलं, पुन्हा तेल सोडलं. मी मध्ये एकदा पाणी आणायला निघाले, तर तोही हातातला पाना खाली ठेवून बाहेर येऊन थांबला. सहाव्या दिवशी किक हलली. बोझेनाला मी सगळं खरं सांगितलं, तर ती म्हणाली, मी म्हणतच होते, माणूस सज्जन आहे.

ईस्टरला युदिता आली. चौथ्या किकला जावा सुरू झाली आणि रांगभर निळा धूर पसरला. युदिता हसायला लागली, "ठेव गं बाई, ठेव," म्हणाली. मी गाडीवर हात ठेवला. ती थरथरत होती.

ओटाकार आपल्या दारात उभा राहून ऐकत होता. मी रम घातलेला चहा आणि केकचा तुकडा आणला आणि त्याला आत बोलावलं. खुर्चीही पुढे केली. तो उंबऱ्यापर्यंत आला, तिथूनच कप घेतला, बाहेर उभ्यानेच चहा संपवला. केक छान झालाय, मिलादाबाई, असं म्हणून रिकामा कप माझ्या हातात दिला आणि बारा नंबरकडे गेला.