माझी पलीकडची सीट

मित्रांनो, मी एक जुनी, दोनच सीटांची स्पोर्ट्स कार आहे. रंगाने लाल आहे. पूर्वी मला त्या रंगाचा अभिमान होता. आता वाटते, तो शरमेनेच चढला असावा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिरांनी माझा पत्रा हाताने ठोकून वळवला आणि इंजिनाच्या एका अंगाला दोन कार्ब्युरेटर बसवले. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवायचे, हे या कार्ब्युरेटरांचे काम. त्यांचा हात मात्र फार सैल होता. लागेल त्यापेक्षा चार घास जास्तच वाढायचे. त्यामुळे माझा आवाज भारदस्त झाला आणि मी ताठ्याने फिरू लागले.

माझ्या मालकांचे चष्म्याचे दुकान होते. लोकांच्या डोळ्यांचा नंबर काढण्यात त्यांचा हातखंडा. मला त्यांनी तळहाताच्या फोडासारखे जपले. सुटीच्या दिवशी स्वतः पुसायचे, जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात बक्षीस मिळाले तेव्हा तर माझ्या बॉनेटवरून लेकीच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. माझी किल्ली मात्र त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नाही.

लग्नानंतर त्यांच्या पत्नी माझ्या पलीकडच्या सीटवर मोठ्या हौसेने बसल्या. बाजार ओलांडेपर्यंत त्यांचे डोके ठणकू लागले.

"अहो, पेट्रोलचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"मला तर काही येत नाही," मालक म्हणाले, आणि ते खरेच होते.

असे बरेचदा झाले. मग घरात बोलणी सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "बसमध्ये बरं नाही दुखत डोकं." मालक तर पाहुण्यांना हसत हसत सांगायचे, "आमच्या हिचं आणि गाडीचं सवतीचं नातं आहे." पाहुणे हसायचे. बाई आत निघून जायच्या. पुढे पुढे त्यांनी वादच सोडला. कुठे लग्नाला जायचे असले की त्या बसने जात आणि मालक माझ्यातून एकटे. एकाच घरातून निघालेली दोन माणसे मांडवात वेगवेगळी पोचायची. मलाही वाटायचे, नखरे, दुसरे काय! हे मी मनात आणले, याची मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

वय कुणाला चुकले आहे? मी सिग्नलला बंद पडू लागले. मालक उतरून मला ढकलायचे, मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या. मान खाली घालावीशी वाटे, पण गाडीला मान कुठली? शेवटी बाईंच्या धाकट्या भावाला बोलावले. गाड्यांना कॉम्प्युटरवर चालणारे फ्युएल इंजेक्शन बसवणे हा त्याचा धंदा.

"म्हणजे तू हिचा आत्माच काढणार," मालक कुरकुरले.

"आत्मा कसला भाऊजी, दोन गळकी भांडी आहेत ती."

जुनी यंत्रणा काढण्याआधी ती किती पेट्रोल पाजते ते त्याला मोजायचे होते. त्याने माझ्या धुराच्या नळीत एक सेन्सर बसवला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन तो पलीकडच्या सीटवर बसला. चालवायला अर्थात मालकच. परत आलो तेव्हा तो उतरून थेट पायरीवर जाऊन बसला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय रे, काय झालं?"

"थांबा भाऊजी. उलटी होईलसं वाटतंय."

जरा बरे वाटल्यावर त्याने मालकांना लॅपटॉपवरचे आकडे दाखवले, पेट्रोल फारच जास्त जात होते. मग बॉनेट उघडले. कार्ब्युरेटर पाझरत होते. त्यांच्याच बाजूला, इंजिन आणि सीट यांच्या मधल्या पत्र्यात एक भोक होते. त्यातले रबर कधीच सुकून गळून पडले होते. सगळा वास त्या भोकातून थेट पलीकडच्या सीटवर जात होता.

"मग मला कसा कधी आला नाही?" मालकांनी विचारले.

"तुम्ही कधी बसलात त्या सीटवर?"

मेहुण्याने हात पुढे केला. मालकांनी जराशा नाखुशीनेच किल्ली दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पलीकडच्या सीटवर बसले. बाजार ओलांडला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोके धरले होते.

"थांबव," ते म्हणाले. "ही इतकी वर्षं..." जगाला चष्मे देणाऱ्या माणसाच्या घरी असा दिव्याखाली अंधार. आणि तो अंधार माझ्याच पलीकडच्या सीटवर होता.

मग माझे कार्ब्युरेटर उतरले. पेट्रोलचे बारीक फवारे सोडणारे इंजेक्टर आले, नवा पंप आला, इंजिनाचा वेग मोजणारे दातेरी चाक आले. डॅशबोर्डच्या मागे एक लहानसा कॉम्प्युटर बसला. गार सकाळी किती पेट्रोल द्यायचे, चढावर किती, थांबल्यावर किती, हे मेहुण्याने त्याला एकेक करून शिकवले. भोकात नवे रबर बसले. आता मी एका किल्लीत सुरू होते आणि वास म्हणाल तर नावालाही नाही.

मालकांनी बाईंना बाहेर बोलावले. त्या हात पुसत आल्या.

"माझं चुकलं," मालक म्हणाले. "लॅपटॉपवर आकडे पाहिले, स्वतः तिथं बसलो, तेव्हा पटलं. तू खरं सांगत होतीस."

"आकड्यांनी सांगितलं म्हणून पटलं," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी सांगत होते तेव्हा?"

मालकांनी पुढे होऊन पलीकडचे दार उघडले. त्या बसल्या. मालकांनी किल्ली फिरवण्याआधीच त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि तोंड बाहेर वळवले.

"अगं, आता वास नाही येत."

"माहीत आहे. असू दे."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांची निगा राखा, सुकलेले रबर वेळेवर बदला, हे तर मी सांगेनच. पण घरातले कोणी 'मला त्रास होतो' म्हणाले, तर हसण्यापूर्वी एकदा त्याच्या जागेवर जाऊन बसा. माझी यंत्रणा महिन्याभरात बदलली. बाईंच्या बाजूची काच मात्र अजून खालीच असते.