ओढणाऱ्याचा गिलास

"वैनी, आता बास झालं. घरी बसा," असं पुंजाराम चार लोकांत म्हणाला, आणि सारजाबाईच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली ती शिवरात्र आली तरी खाली उतरली नाही.

पुंजाराम हा तिचा धाकटा दीर. मिटमिटा गावात दोघांची घरं शेजारी शेजारी, मधे नुसतं काट्याचं कुंपण. दौलताबादच्या किल्ल्याखाली गाड्या लावायच्या मैदानाला लागून एक चिंच आहे, त्या चिंचेखाली सारजाबाईची रसवंती. चरक लोखंडी, चांगला जडशीळ, दोन चाकांच्या ट्रॉलीवर वेल्डिंग करून बसवलेला. ट्रॉली पुंजारामनंच बनवून घेतली होती आणि त्याच्याच ट्रॅक्टरमागं ती गडाखाली जायची. नवरा बद्रीनाथ होता तवर सगळं गोडीगुलाबीत चाललं. दिवाळीच्या आधी तो गेला, आणि दिराला एकाएकी भावजयीच्या अब्रूची काळजी लागली.

"बाईमाणसानं एकटीनं त्या गर्दीत उभं राहायचं, लोक काय म्हणत्याल? चिंचेखालची जागा आमच्या कडूबाला द्या. तो चालवील, तुम्हाला दोन घास घालील."

कडूबा म्हणजे त्याचा थोरला लेक. पोरगं काही वाईट नव्हतं, पण ऊस कोणत्या टोकानं चरकात घालायचा हे तरी त्याला ठाऊक होतं का! आणि इतकी वर्षं सारजाबाईनं तिथं उन्हातान्हात ऊस सोलला, हाताला घट्टे पडले, तवा ही अब्रू कुठं झोपली होती? जोडीनं रस काढायला बाई चालते, मालकीण म्हणून उभी राहिली की नाक कापलं जातं. वा रे वा!

"तुमचे दोन घास तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली.

"मग ट्रॅक्टर मिळायचा नाय. बघू कशी नेता ते."

एवढं बोलून तो मिशी कुरवाळत निघून गेला. त्यानं नेम बरोबर साधला होता. गडाखाली रात्री कुणाचाही गाडा ठेवू देत नाहीत, रोज न्यायचा, रोज आणायचा. आणि गाडेवाल्यांचा आपसातला रिवाज असा की शिवरात्रीच्या सकाळी, किल्ल्याचा दरवाजा उघडताना, जो जिथं उभा असेल ती जागा पाऊस लागेपर्यंत त्याची. त्या दिवशी वेरूळला जाणारी सगळी जत्रा तिथूनच जाते, म्हणून मोसम तिथूनच मोजायचा. सकाळी चिंच रिकामी दिसली की दुसरा कुणी तिथं गाडा लावणार, आणि मग भांडून काही उपयोग नाही. सारजाबाईला दुसरी कसली कमाई नव्हती. तिची भाकरी त्या चिंचेखाली होती, आणि नवऱ्याची आठवणसुद्धा तिथंच.

पण पुंजाराम एक गोष्ट विसरला होता. बद्रीनाथची पांढरी मारुती दारात उभी होती. लहानशी, जुनी, पण इंजिन ठणठणीत. पाहुण्यांना स्टेशनवरून वेरूळला न्यायचा धंदा त्यानं तिच्यावर केला होता, आणि छावणीच्या मैदानात बायकोला ती चालवायलाही शिकवली होती. तेव्हा हाच पुंजाराम पोट धरून हसला होता. सारजाबाईनं गाडीवरची ताडपत्री ओढून काढली आणि थेट छावणी गाठली.

छावणीत फारूखचं गॅरेज. फारूख हा कमरुन्निसाचा भाऊ, आणि कमरुन्निसाचं बांगड्यांचं दुकान चिंचेच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे रसवंतीची सख्खी शेजारीण. तीही सोबत आली होती. फारूखनं गाडीखाली वाकून बघितलं.

"हूक बसवतो भाभी. बंपरला नाय, खाली चेसीला पट्ट्या मारून बसवतो, उखडणार नाय. लेकिन पहले ट्रॉली दाखवा. वजन कुठं बसलंय ते बघू द्या."

"ट्रॉली त्या पुंजारामच्या अंगणात हाय. शिवरात्रीच्या आधी मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाय."

"भाभी, पण छोटी गाडी म्हणजे ट्रॅक्टर नसतो..."

"फारूख, आता तू बी मला शिकवणार का? हूक लाव. बाकीचं मी बघते!"

फारूखनं बहिणीकडं बघितलं. कमरुन्निसानं डोळ्यांनीच त्याला गप केलं, कारण तिला सारजाबाईचा राग माहीत होता. हूक बसला, पिन बसली, आणि सारजाबाई गाडी घेऊन अशी निघाली की गॅरेजच्या दारातली कोंबडी उडून पत्र्यावर गेली.

शिवरात्रीच्या दिवशी फटफटायला लागलं तेव्हा ती गाडी मागं मागं घेत पुंजारामच्या अंगणात शिरली. शेजारी कमरुन्निसा बसलेली, मांडीवर बांगड्यांची पेटी. पुंजाराम ओट्यावर बसून मिसरी लावत होता. त्याच्या ट्रॅक्टरला मोठी ट्रॉली जोडलेली, तिच्यात सतरंजी अंथरलेली. बायको आशाबाई, लेकरंबाळं, सगळं घर वेरूळला दर्शनाला निघालेलं. सारजाबाईनं कुणाशी शब्द न बोलता पिन अडकवली, उसाच्या मोळ्या ट्रॉलीत टाकल्या, सवयीप्रमाणं पुढच्या अंगाला, चरकाला टेकवून. पुंजारामनं हुकाकडं बघितलं, ट्रॉलीकडं बघितलं, मग मारुतीच्या मागच्या चाकांकडं बघितलं. मिसरीचं बोट तोंडातच राहिलं. मग तो मिशीत हसला आणि तोंड धुवायला उठला.

ते हसणं सारजाबाईनं पाहिलं. तिला वाटलं, मेला चिडवतोय. तिनं दात ओठ खाल्ले आणि गाडी काढली.

सपाटीला काही कळलं नाही. चरकाचे घुंगरू मागं छुमछुम वाजत होते, कमरुन्निसा खुशीत होती. शरणापूर फाटा सोडला, पुढं चढ लागला, रस्ता अरुंद झाला. एका अंगाला चर, दुसऱ्या अंगाला दगडी बांध, आणि मधे जत्रेची सगळी वाहनं मुंग्यांसारखी लागलेली. तिथं सारजाबाईच्या हातातलं स्टेअरिंग एकदम हलकं झालं. फिरवलं तरी गाडी वळेना. पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरायला लागली, रबराचा जळका वास सुटला, आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश मागं घसरायला लागली.

"या अल्ला! सारजा, ब्रेक!"

तिनं ब्रेक दाबला, हँडब्रेक वर ओढला. गाडी तिरकी होऊन थांबली, ट्रॉलीचं एक चाक चराच्या अगदी काठावर. बद्रीनाथ, तिच्या मनात आलं, तुझी गाडी मी आज मोडते की काय!

कमरुन्निसानं आधी उतरून मागच्या चाकाला दगड लावला, मग बाजूला सरून बघितलं.

"अगं सारजा, बघ तर! तुझी गाडी नाक वर करून बसलीय. मागून पार दबलीय, पुढची चाकं जमिनीला नुसती चाटतायत."

सारजाबाईनं उतरून बघितलं आणि एका क्षणात तिच्या डोक्यात सगळा उजेड पडला. चरक ट्रॉलीच्या पुढच्या अंगाला बसवलेला होता, कारण ट्रॅक्टरवाले भार पुढंच टाकतात. हुकावर वजन पडलं की ट्रॅक्टरची मागची मोठी चाकं माती घट्ट धरतात. मारुतीला पुढची चाकं ओढतात. तिच्या पाठीवर वजन टाकलं की तिचे पुढचे पाय उचलले जाणार. फारूख हेच विचारत होता. रागाच्या भरात तिनं त्याला बोलू दिलं नव्हतं, आणि वरून उसाच्या मोळ्यासुद्धा पुढंच रचल्या होत्या. स्वतःचाच असा राग आला तिला की कपाळ बडवून घ्यावं वाटलं.

तेवढ्यात मागून ट्रॅक्टर धडधडत आला. पुंजाराम. ट्रॅक्टर थांबवून तो ऐटीत खाली उतरला, टोपी सारखी केली.

"काय वैनी, दम सुटला का गाडीला? मला तवाच दिसलं व्हतं."

"काय दिसलं व्हतं?"

"हेच. चढाला नाक उचलणार म्हणून."

"अंगणात दिसलं?"

"व्हय. दिसंल न्हाई तर काय, इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवतोय."

बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. सारजाबाई दोन पावलं पुढं आली. अंगणातलं ते हसणं तिला आता उमगलं.

"तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही गप बसलात? मी ह्या चरात पडले असते, भावजी! माझ्याबरोबर ही कमरू मेली असती! एक शब्द तोंडातून निघाला नाय तुमच्या?"

"तसं न्हवं... मी मागं व्हतोच की. म्हटलं अडकलात की ओढून देऊ." त्यानं आवाज खाली आणला. "आता बी देतो. गाडी सोडवा, ट्रॉली ट्रॅक्टरला लावू. फक्त चिंचेखाली कडूबा उभा राहील. घरातल्या घरात हाय."

"मोठ्यानं बोला! कमरू, ऐक! अहो कंडक्टर, तुम्ही बी ऐका!" सारजाबाईचा आवाज पार मागच्या एसटीपर्यंत गेला. "ह्यांनी मला मरायला पुढं सोडलं आणि जागेचा सौदा करायला मागून आले! रांडमुंड भावजय हाय ना, कोण विचारतंय!"

लोक उतरले. मागं एसटी, जीपा, दुचाक्या, सगळं तुंबलेलं. पुढं जायला वाट नव्हती, मागं वळायला जागा नव्हती. हॉर्न वाजायला लागले. कुणीतरी ओरडलं, आधी रस्ता मोकळा करा, भांडण घरी करा.

"करते की मोकळा," सारजाबाई म्हणाली. "मोळ्या मागं घ्या."

चारपाच जणांनी मोळ्या उचलून ट्रॉलीच्या शेवटाला रचल्या. मारुतीचं नाक थोडं खाली आलं, पण पुरतं नाही. चरकाला हात लावायची सोय नव्हती, तो वेल्डिंगचा. मागच्या टोकाला अजून वजन पाहिजे होतं, चांगलं माणूसभर.

"मी बसतो मावशी," एक जीपवाला म्हणाला.

"तू नाय लेकरा." सारजाबाईनं बोट पुंजारामकडं रोखलं. "पुढं वजन ह्यांनी बसवलं. आता मागं हेच बसतील."

"मी?" पुंजारामचे डोळे पांढरे झाले. "मी ट्रॉलीच्या शेपटाला बसू? गावची माणसं हायेत इथं!"

"मग बसू नका." तिनं गाडीची किल्ली काढून कमरेला खोचली आणि दगडी बांधावर जाऊन बसली. "मला घाई नाय."

घाई नव्हती कशी! किल्ल्याचा दरवाजा उघडायची वेळ होत आली होती. चिंच गेली तर सगळंच गेलं, हे तिला ठाऊक होतं. पण चेहऱ्यावर तिनं तसूभर दिसू दिलं नाही. मागून एसटीचा हॉर्न थांबायचं नाव घेईना. एक म्हातारा काठी आपटत म्हणाला, अहो पावणं, बसा की, तुमचं काय झिजतंय का? आणि मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आशाबाई, पुंजारामचीच बायको, उभी राहून कडाडली.

"बसा की वो! सकाळपासून लेकरं उपाशी हायेत! त्या वैनीला अंगणातच सांगितलं असतं तर ही येळ आली असती का?"

बायकोचं ऐकून पुंजारामचा चेहरा उतरला. तो ट्रॉलीवर चढला, उसाच्या मोळीवर बसला, दोन्ही हातांनी मागचा दांडा धरला. मारुतीनं नाक खाली टेकवलं. सारजाबाईनं पहिला गिअर टाकला, कमरुन्निसानं दगड काढला, आणि पुढच्या चाकांनी रस्ता धरला. घुंगरू छुमछुमायला लागले. लोक टाळ्या वाजवत होते. मागं ट्रॅक्टरवर कडूबा बसला होता, बापाकडं बघायचं की रस्त्याकडं, हे त्याला समजत नव्हतं.

चिंचेखाली अजून कुणी नव्हतं. एक भेळवाला गाडा ढकलत त्याच वाटेला लागला होता, मारुती बघून तो निमूट पलीकडं वळला. सारजाबाईनं गाडी थांबवली आणि किल्ल्याच्या दरवाजाची कडी वाजली. स्टेअरिंगवर डोकं टेकून ती क्षणभर रडली, कमरुन्निसा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग डोळे पुसून ती उतरली, चरक धुतला, त्याचं इंजिन सुरू केलं.

रसवंतीचा पहिला गिलास, मोसमातला, ट्रॉली ओढून आणणाऱ्याचा. हा बद्रीनाथनं पाडलेला पायंडा, आणि दरवर्षी तो गिलास पुंजारामच पीत आला होता. कपडे झटकत तोही सवयीनं चरकापाशी आला. सारजाबाईनं गिलास भरला. त्यानं हात पुढं केला.

ती त्याच्या बाजूनं पुढं गेली, मारुतीपाशी थांबली आणि सगळा गिलास तिच्या पुढच्या दोन्ही चाकांवर ओतला, आधी डाव्या, मग उजव्या. दुसरा गिलास तिनं कमरुन्निसाच्या हातात दिला.

पुंजारामचा हात तसाच राहिला होता.

"ओढलं तिनं, भावजी," सारजाबाई म्हणाली. "तुम्हाला पाहिजे असंल तर रांगेत या."

तोवर चारपाच गिऱ्हाइकं जमली होती. पुंजाराम टोपी काढून त्यांच्या मागं जाऊन थांबला. त्याची पाळी आली तेव्हा सारजाबाईचा राग अजून गेला नव्हता, आणि तो लवकर जाणारही नव्हता. पण गिलास तिनं काठोकाठ भरला.