कडक पप्पा

सुजितने इंजिनाचा नोझल काढून जुन्या बनियनच्या तुकड्यावर ठेवला आणि पान्यासाठी हात वर केला. बोटीच्या खोलगट जागेत तो कमरेपर्यंत उतरला होता. वर फळीवर बसलेल्या बोटमालक मितेशने पाना पुढे केला, पण लगेच सोडला नाही.

"तुझ्यासारखं कडक व्हायला पायजे मला," मितेश म्हणाला.

"कसलं कडक?"

"पोरीच्या बाबतीत. आमची हर्षाली सांगते ना. साडेसात वाजले की रुचिकाचे पप्पा फोन कपाटात घालतात नि चावी खिशात. परवा म्हणे आपटणारच होतास. बरोबर हाय तुझं. आमच्या घरात कोण कोणाचं ऐकत न्हाय."

सुजितने पाना घेतला आणि मान खाली घातली. एक नट त्याने घट्ट केला, मग आपण तो सैल करायला घेतला होता हे लक्षात येऊन पुन्हा उलटा फिरवला. मितेश बोलतच होता. पोरं त्याला घाबरत नाहीत, बायकोला तर मुळीच नाहीत, सुजितने एकदा घरी येऊन हर्षालीला दोन शब्द सुनवावेत, असं त्याचं म्हणणं होतं. सुजित हूं हूं करत राहिला.

थळच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या या माणसाने चौदा वर्षांत मुलीवर एकदाही आवाज चढवला नव्हता. त्यामागे कारण होतं. तो बारा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी, रामचंद्रांनी, त्याचा कॅरमबोर्ड कुऱ्हाडीने फोडून आंघोळीच्या पाण्याखाली जाळला होता. गणितात नापास झाला म्हणून. त्या दिवशी त्याच पाण्याने आंघोळ करून सुजित शाळेत गेला. पुढे स्वतःला मुलगी झाली, तेव्हा त्याने कुणाला न सांगता ठरवून टाकलं की या घरात पोरीला कशाला नाही म्हणायचं नाही.

त्यामुळे रुचिकाने आठवीत फोन मागितला, तो दुसऱ्याच दिवशी अलिबागहून आला. त्याची बायको शिवानी हिने वेळ ठरवून दिली. शिवानी आशा सेविका. दिवसभर दहा घरांत जाऊन दहा प्रकारची पोरं बघणारी. ती फोन उचलून फडताळात ठेवायची. रुचिका ओसरीवर येऊन बापाशेजारी नुसती बसायची, आणि पाच मिनिटांत सुजित उठून फोन आणून द्यायचा. "असू दे गं, सगळीच बघतात," असं तो बायकोला सांगायचा. वर्षभराने शिवानीने नाद सोडला.

गेल्या वर्षापर्यंत रुचिका गावातल्या मुलींच्या कबड्डी संघात होती. चढाईला तिच्याइतकी चपळ दुसरी नव्हती. पहाटेच्या सरावाचा आधी एक दिवस चुकला, मग आठवड्यात तीन चुकायला लागले, आणि दिवाळीनंतर तिच्या जागी दुसरीला घेतलं. रुचिका रडली नाही. बरं झालं म्हणाली आणि खाटेवर आडवी होऊन फोन तोंडासमोर धरला. सुजितला तेव्हा बरं वाटलं होतं, की पोरीने मनाला लावून घेतलं नाही.

दुपारी जेवायला घरी आल्यावर त्याने मितेशचं बोलणं शिवानीला सांगितलं. ती भात वाढत होती. ऐकता ऐकता तिने डाव पातेल्यात ठेवला आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कपाटाची चावी म्हणे खिशात. घरातल्या कपाटाला कुलूप नव्हतंच.

सुजित हसला नाही. मला तिने गावात राक्षस करून ठेवलंय, असं तो म्हणाला. तेव्हा शिवानीने डोळे पुसले. त्याच्या भातावर तिने आमटी घातली.

"तिलाच विचारा," ती म्हणाली. "पण रागावू नका." मग स्वतःच मान हलवली. "तुम्ही कसले रागावता."

रुचिकाचा क्लास अलिबागला असायचा. एरवी ती मैत्रिणींबरोबर रिक्षाने यायची. त्या दिवशी सुजित स्कूटर घेऊन गेटासमोर उभा राहिला. हात घासून धुतले तरी नखांत ऑइल होतंच. त्याला पाहून ती चमकली, मग मागे बसली. अलिबाग मागे पडलं. मागे बसलेल्याचा चेहरा दिसत नाही, हे त्याला त्या क्षणी बरं वाटलं. सुरूच्या झाडांपाशी रस्ता रिकामा झाला, तेव्हा त्याने विचारलं.

"मी तुझा फोन आपटणार होतो?"

 तिने मागून त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली.

ती अडखळत सांगत गेली. हर्षाली धरून आठ जणींचा ग्रुप होता. संध्याकाळ झाली की सगळ्या फोनवर एकत्र यायच्या आणि कुणी कुणाला सोडायचं नाही. जी आधी जाईल तिच्याबद्दल मागे उरलेल्या बोलायच्या. ती स्वतःही बोलली होती. झोप येते म्हटलं तर हसायच्या. अभ्यास म्हटलं तर जास्तच. एकदा सहज तोंडातून गेलं की पप्पा ओरडतायत. तेव्हा कुणी हसलं नाही. बिचारी म्हणाल्या आणि सोडलं. मग तिने रोज तेच सांगायला सुरुवात केली, आणि रोज थोडं वाढवलं.

"म्हणजे साडेसातला ठेवतेस तू फोन," सुजित म्हणाला. त्याला हायसं वाटत होतं.

"नाही."

"मग?"

"मग दुसरं काहीतरी बघत बसते. आवाज बंद करून." तिची मूठ आणखी आवळली. "रोज ठरवते, पप्पा. होतच नाही. तुम्ही खरंच घेतलात ना, तर..."

 त्याने स्कूटरचा वेग कमी केला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला सुजित खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत फोनवर सात-आठ आवाज एकाच वेळी बोलत होते. त्याने घसा साफ केला. "रुचिका, फोन," तो म्हणाला. हळू आवाजात, पोस्टमनने पत्ता विचारावा तसं. रुचिकाने बघितलं. स्वयंपाकघरात शिवानीने ओठ दाताखाली धरले. त्याने पुन्हा, जरा वर आवाज काढून म्हटलं. फोनमधून कुणीतरी "ए, तुझे पप्पा" असं कुजबुजलं आणि सगळा गलका थांबला. रुचिकाने तोंड पाडून फोन त्याच्या हातात दिला. कॉल बंद झाल्याची खात्री करून मग ती हसली. त्या संध्याकाळी तिघं ओसरीवर बसून जेवली.

पुढचे दोन दिवसही तसंच झालं. चौथ्या दिवशी तिने फोन दिला नाही.

"आज नको," ती फोन छातीशी दाबून म्हणाली. "आज खरंच नको, पप्पा. महत्त्वाचं चाललंय."

नेहमीप्रमाणे त्याचा हात मागे येणार होता. तसा तो थोडा आलाही. मग त्याने तो तिथेच ठेवला.

"दे."

"मी तुम्हाला सांगितलं म्हणून तुम्ही आता रोजच करणार का? तुम्ही असे नव्हतात."

"नव्हतो," सुजित म्हणाला. "दे."

तिने फोन त्याच्या तळहातावर आपटला आणि दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला. सुजित ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला. त्याने फोन मांडीवर ठेवला आणि दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले. वळून बघितलं तर शिवानी उंबऱ्यात उभी होती. जाऊन समजूत काढू का, असं त्याने नजरेनेच विचारलं. तिने मान हलवून नको म्हटलं, आणि त्याच्याशेजारी पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली.

अर्धा तास गेला. समोरच्या घरी कुणीतरी सुकत घातलेले बोंबील काढून टोपलीत भरत होतं. दार वाजलं. रुचिका येऊन त्याच्या खालच्या पायरीवर बसली. डोळे सुजले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तांब्या उचलून वरूनच पाणी प्यायली आणि हनुवटी पुसली.

"उद्या जरा मोठ्याने बोला," ती म्हणाली. "तुम्ही इतकं हळू बोललात, हर्षालीला ऐकूच नाही गेलं."