एकाच पत्राची चाचणी

आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या म्हणून इमारतीतले लोक त्यांना लिफ्टकाका म्हणत. निवृत्त झाले, वर्षभरात बायको गेली, आणि घर खायला उठलं. मग त्यांनी आडनावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घेऊन जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा ईमेल सर्व्हर उभा करायचा घाट घातला. मशीन चपलांच्या कपाटावर, कारण वायर तिथवरच पोचत होती. रिकामटेकड्या माणसाला असले उद्योग सुचतातच. पण एक पक्कं होतं: पहिलं पत्र लेकीला जाणार.

लेक परगावी. आई गेल्यावर आठवड्याच्या आत काकांनी तिचे कपडे, चष्मासुद्धा, लेकीला न विचारता देऊन टाकले होते. त्यांना ते डोळ्यांसमोर नको होते, एवढंच. लेक आली, रिकामं कपाट बघितलं आणि आल्या पावली परत गेली. तेव्हापासून ती फोन उचलत नव्हती.

बोलणं हा काकांचा प्रांत कधीच नव्हता. खूप खाडाखोड करून त्यांनी चार ओळी लिहिल्या. त्यात 'माझं चुकलं' होतं, 'तुझ्याशिवाय करमत नाही' हेही होतं. पत्र पाठवलं, पण उत्तर आलं नाही.

पोचलंच नसणार, काकांनी ठरवलं. घरगुती सर्व्हरवर कोण विश्वास ठेवतो? डोमेनच्या नावाने कुठलं मशीन पत्र पाठवू शकतं, ही नोंदच राहिली होती. ती घातली आणि तेच पत्र पुन्हा पाठवलं. मग पत्रावरच्या डिजिटल सहीची नोंद, पुन्हा तेच पत्र. त्यांची जुनी शिस्तच तशी: एका वेळी एकच पुर्जा बदलायचा आणि तीच लिफ्ट त्याच मजल्यावर पाठवून बघायची.

शेवटची एक नोंद फक्त इंटरनेट कंपनीच करू शकत होती, म्हणून तिथे फोन लावला.

"काका, ही उलटी नोंद घरी कोणी मागत नाही हो," तिथली मुलगी म्हणाली.

"अगं, माझ्या इंटरनेटच्या नंबरावरून माझं नाव निघायला हवं. नाहीतर पलीकडचा मला चोर समजतो."

"रोज किती जणांना मेल जातात तुमचे?"

"एकीलाच."

ती म्हणाली, "करून देते."

नोंद झाली. सर्व्हरच्या नोंदी तपासणाऱ्या वेबपानावर सगळं हिरवं झालं. काकांनी तेच पत्र परत पाठवलं.

संध्याकाळी मशीनवर बाहेरून आलेलं पहिलं पत्र पडलं. लेकीचं! काका खुर्चीतून उठलेच. येणाऱ्या पत्रांची नोंदही बरोबर होती तर! हे आधी मनात आलं, आणि मग त्यांनी वाचलं.

"बाबा, पहिलं पत्र त्याच दिवशी मिळालं होतं. वाचून खूप रडले. उत्तर लिहायला घेतलं, तर दुसरं आलं, शब्दन् शब्द तेच. मग तिसरं. आज चौथं. माझी माफी मागताय, की मशीन तपासताय?"

काकांना स्वतःची भयंकर लाज वाटली. सगळी पत्रं पोचली होती, आणि दर वेळी त्यांचं 'माझं चुकलं' थोडं थोडं खोटं होत गेलं होतं.

उत्तराची चौकट उघडली. 'माझं चुकलं' लिहिलं आणि खोडलं. ते तिने चारदा वाचलं होतं. नोंदी सगळ्या बरोबर होत्या, आता दोष द्यायला मशीनही उरलं नव्हतं.