बक्कल कव्हराखाली होतं

मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, भाड्याच्या मोटारीत मागच्या सीटवर, डाव्या खिडकीपाशी असतो तो. तुम्ही मला पाहिलं असेल, पण आपली ओळख झाली नसेल, कारण मागच्या पट्ट्याशी ओळख करून घ्यायची पद्धतच नाही. पुढच्याला सगळे मान देतात. निदान चौकात पोलीस दिसला की देतात.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे मला घट्ट विणलं, ताणलं, झटके देऊन पाहिलं. माझ्या टोकाला धातूची चपटी जीभ बसवली आणि जोडीला एक बक्कल दिलं. जीभ बक्कलात शिरली की 'खट्' असा आवाज होतो. तपासणाऱ्या बाईंनी तो ऐकला, मान डोलावली आणि बक्कलाला प्लॅस्टिकची पिशवी घातली. मोटारीत मी खिडकीशी आणि बक्कल सीटच्या फटीत, असे आम्ही हातभर अंतरावर आलो. मला वाटलं, आता काय, रोज भेट होईल.

ती मोटार भाऊंनी घेतली. भाऊ भाड्याची गाडी चालवायचे आणि त्यांची बायको मोटारींची सीट कव्हरं शिवायची. गाडीतळावरचे सगळे चालक तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. आता घरचीच गाडी आली म्हटल्यावर तिने हात राखला नाही. कापड आणलं भाऊंच्या मोठ्या बहिणीनं, ताईनं. ती कापडाच्या दुकानात होती आणि ताग्यांतून चांगलं कापड हुडकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोरपंखी रंगाचं ते कव्हर असं बेतशीर बसलं की नावाला सुरकुती नाही.

मात्र मागची बक्कलं आत ढकलायची आणि वरून कव्हर ओढून घ्यायचं, ही त्या धंद्यातली रीतच होती. बक्कलं टोचतात अशी गिऱ्हाइकांची कुरकुर असे. माझं बक्कल पिशवीसकट त्या मोरपंखी कापडाखाली गेलं. मी बाहेर, ते आत, आणि मध्ये वहिनीची बारीक, सुबक शिलाई.

तेव्हापासून मी नुसता लोंबत राहिलो. कोणी माझ्यावर छत्री अडकवली, कोणी ओला कोट. एका बाळानं माझ्या जिभेवर आपले नवे दात पारखले. माणसं शेजारी येऊन बसत, पेंगत, भांडत, उतरून जात. प्रत्येक वेळी दार उघडलं की मला आशा वाटायची. ज्याला धरण्यासाठी आपल्याला घडवलं, ते माणूस वीतभर अंतरावर बसलं आहे आणि आपण त्याला धरू शकत नाही, याचं फार वाईट वाटतं हो.

सगळ्यात जास्त मला ताई हवी होती. तिने भाऊंना आईच्या मायेनं वाढवलं होतं. रोज दुपारी दुकान बंद झालं की भाऊ तिला घरी सोडायचे. ती कधी पुढे बसत नसे. म्हणायची, "पुढं बसलं की तुझ्याऐवजी मीच ब्रेक दाबत राहते, पोटऱ्या भरून येतात माझ्या." मग मागे बसून, पुढच्या दोन्ही सीटांवर कोपरं टेकून ती भाऊंच्या कानाशी बोलत राही. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करी. भाऊ हसून हसून बेजार व्हायचे.

पहिल्याच दिवशी तिने मला खांद्यावरून ओढून घेतलं होतं. तिच्या अंगाला नव्या कापडाचा वास होता. तिने सीटवर हात फिरवला, चाचपलं आणि विचारलं, "अगं, याचं दुसरं टोक कुठं गेलं?"

पुढे बसलेली वहिनी म्हणाली, "मागं कोण लावतं, वन्सं? पुढच्यांनाच लागतो तो."

"मागं काही होत नाही, ताई," भाऊ म्हणाले. "समोर आमची सीट असते ना आडवी."

"बरं बाबा, गाडी तुझी, तूच जाणे," असं म्हणून तिने मला सोडलं. मी सरसर माझ्या जागी परत गेलो. तिचा तो खांदा मी पुढे कित्येक वर्षं आठवत होतो, आणि खरं सांगायचं तर अजून आठवतो.

एका दुपारी आम्ही घराजवळ आलो होतो. रस्ता ओळखीचा, वेग बेताचा. एका अवघड गिऱ्हाइकाने अख्खं दुकान कसं उपसायला लावलं, ते ताई रंगात येऊन सांगत होती. तेवढ्यात बोळातून एक सायकल आडवी आली. भाऊंनी करकचून ब्रेक दाबला, चाक फिरवलं आणि गाडी विजेच्या खांबावर आदळली.

मित्रांनो, झटका बसला की आम्ही पट्टे जागच्या जागी घट्ट होतो. तो आमचा धर्म आहे. पुढच्या पट्ट्यानं भाऊंना धरलं. मीही घट्ट झालो, होतं नव्हतं ते बळ एकवटून घट्ट झालो, पण माझ्या कवेत कोणी नव्हतं. ताई दोन्ही सीटांच्या मधून पुढे फेकली गेली.

सायकलवाला वाचला. भाऊंच्या छातीवर पट्ट्याचा वळ उठला, तो काही दिवसांनी गेला. ताई इस्पितळातून परत आली नाही.

गाडी दुरुस्त होऊन घरी आली, तेव्हा वहिनी कव्हर धुवायला काढू लागली. टाके उसवत ती कडेला आली आणि तिच्या हाताला प्लॅस्टिक लागलं. पिशवीत माझं बक्कल होतं, कोरं करकरीत. तिने मला हळूच ओढलं आणि माझी जीभ त्यात घातली. खट् असा आवाज झाला. इतक्या वर्षांनी आमची भेट झाली, मित्रांनो, आणि मला ती नकोशी झाली.

भाऊ दारात उभे होते. वहिनी म्हणाली, "अहो, इथंच होतं हे. मीच वरून शिवून टाकलं होतं."

भाऊ खाली बसले. "तिनं विचारलं होतं गं. मी म्हटलं, मागं काही होत नाही."

दोघं बराच वेळ रिकाम्या गाडीपाशी बसून रडली. मग वहिनी उठली, कात्री घेतली आणि त्याच कव्हराला बक्कलाएवढी भोकं पाडली. काजं करावीत तशी तिने कड गुंफली.

दुसऱ्या दिवशी ती कात्री घेऊन गाडीतळावर गेली. तिथल्या बहुतेक गाड्यांना तिचीच कव्हरं होती. लंब्या नावाचा एक चालक दार अडवून उभा राहिला. "वहिनी, नवीन कव्हर आहे, फाडताय काय? गिऱ्हाईक बोंब मारेल, टोचतंय म्हणून."

"मारू दे. बोंब मारायला माणूस तरी राहील," वहिनी म्हणाली. "आमच्या वन्सं मागंच बसल्या होत्या."

लंब्यानं दार उघडलं. मग एकेकानं आपापली दारं उघडली. वहिनीनं एकाकडूनही मजुरी घेतली नाही.

त्या दिवसापासून मागून 'खट्' ऐकू आल्याशिवाय भाऊ गाडी हलवत नाहीत. कोणी म्हणालं, "जवळच तर जायचंय," की ते म्हणतात, "आम्हालाही जवळच जायचं होतं." काही जण तोंड वाकडं करून दुसरी गाडी बघतात. भाऊ त्यांना जाऊ देतात.

मध्यंतरी एक गृहस्थ बसले होते. मला लावताना त्यांनी नाक मुरडलं आणि ते फोनवर कोणाला तरी झापायला लागले. चढावर अचानक समोरचा ट्रक थांबला. भाऊंनी ब्रेक दाबला, आम्ही त्या ट्रकला धडकलो आणि मी त्या गृहस्थांना छातीशी घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाला तरी वाचवलं. ते काय म्हणाले असतील? "शर्टाची इस्त्री गेली की हो!"

मला राग आला नाही. पुढचा रस्ता ते चालतच गेले. फोन पुन्हा कानाला होता. मी त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. घरी कोणी वाट बघत असेल, उशीर झाला म्हणून रागावेल, आणि हे पुन्हा इस्त्रीचीच तक्रार करतील.

मित्रांनो, मागच्या सीटवर बसलात की आधी हात घालून बक्कल शोधा. सापडलं नाही तर विचारा, आणि मिळेपर्यंत गाडी सुरू करू देऊ नका. मोठी माणसं म्हणतील, मागं काही होत नाही. तेव्हा गप्प बसू नका. तुम्हाला आमचे आभार मानायची गरज नाही, हवी तेवढी कुरकुर करा. फक्त उतरा आणि घरी जा. मला ताईला तसं जाताना बघायचं होतं.