पहिल्या तासाआधीचा वर्ग

बाईंना कॉलेजात नोकरी लागली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद सासूबाईंना झाला. साहजिकच होतं. बाई शाळेतून येऊन पीएच.डी.चा अभ्यास करत बसायच्या, त्या सगळ्या वर्षांत स्वयंपाकघर म्हातारीनेच सांभाळलं होतं.

"सुटलीस गं बाई पोरांच्या कटकटीतून," त्या म्हणाल्या. "आता दोन तास शिकवायचं आणि घरी यायचं."

बाईंनाही तसंच वाटलं होतं. सहावी-सातवीला गणित शिकवून त्यांचा घसा कायमचा बसला होता, आणि मधल्या सुट्टीत डबा कधी धड पोटात गेला नव्हता.

पण कॉलेजात सुटका वगैरे काही नव्हती. विभागात नवीन, म्हणून परीक्षांच्या वेळी पहारा देण्याचं काम यांच्याच गळ्यात. वयाने लहान असलेले सहकारी नोकरीत ज्येष्ठ म्हणून फर्मावणार, यांनी मान डोलवायची. वर्गात सवयीने बाकांमधून फिरायला लागल्या की मागे खसखस पिकायची. एकदा तोंडातून "गृहपाठ" निघून गेलं आणि वर्ग हसून लोळला. त्या दिवशी त्यांचं नाव पडलं, 'सातवी ब'.

पहिल्या चाचणीत जवळजवळ सगळा वर्ग आडवा झाला. बाईंनी एकेकाला फळ्यापाशी बोलावलं. एका मुलीने समीकरण अगदी बरोबर मांडलं. पुढे दोन अपूर्णांकांची बेरीज आली आणि तिची गाडी अडली.

"छेद सारखे कर ना."

"मॅडम, ते कसे करतात?"

वर्ग हसला नाही. एरवी कशालाही हसणारी ती पोरं खाली मान घालून बसली होती.

पुढच्याच आठवड्यापासून पहिल्या तासाआधी त्या अपूर्णांक शिकवू लागल्या. आधी चार-पाच डोकी आली, मग निम्मा वर्ग. अंधारात उठायचं, पहिली बस गाठायची, संध्याकाळी घरी येऊन पायातल्या चपलांसकट खुर्चीत कोसळायचं. निवृत्तीला टेकलेल्या विभागप्रमुख सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी बोलावून घेतलं.

"अहो मॅडम, कॉलेजात अपूर्णांक? आपली शोभा होईल. हजेरी घ्या, धडा उरका, मोकळ्या व्हा."

"त्यांना येत नाही, सर."

"ते शाळेचं काम."

"शाळेने केलं नाही ना," बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. इतकी वर्षं शाळा म्हणजे त्याच तर होत्या.

त्याच सुमारास जुन्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. बाईंची जागा अजून भरली नव्हती, परत येता का म्हणून.

"जा ना मग," नवरा म्हणाला. "तुझं हे सुकलेलं तोंड बघवत नाही."

"दमायचंच आहे, तर कुठेही दमेन. इथले अपूर्णांक अर्धेच झालेत."

नवऱ्याला हसू आलं. बाई मात्र विनोद करत नव्हत्या. त्यांनी फोन करून नाही म्हणून कळवलं, आणि दुसऱ्या दिवशीची उदाहरणं काढायला बसल्या.

एका सकाळी त्या कॉलेजात पोचल्या त्याच मुळी धापा टाकत. शिक्षकांच्या खोलीत घटकाभर टेकावं म्हणून बसल्या, टेबलावर डोकं ठेवलं, आणि जाग आली तेव्हा वर्गाची वेळ केव्हाच उलटून गेली होती. पदर सावरत धावल्या. वर्गाच्या दारात येऊन पाहतात तर फळ्यापाशी विभागप्रमुख सर! कोटाची बाही खडूने पांढरी झालेली, कपाळावर घाम.

"मुलं तुम्हाला शोधत आली होती," सर ओशाळून म्हणाले. "तुम्ही इतक्या गाढ झोपला होतात, उठवायचा धीर होईना. म्हटलं, एखादं उदाहरण आपण घेऊ. हे एकच अजून संपत नाहीये. रोज कसं करता हो?"

"असंच करते," बाई म्हणाल्या. "माझंही संपत नाही."

"बसा जरा."

सर पुन्हा फळ्याकडे वळले. बाई मागच्या बाकापाशी गेल्या, तशी तिथल्या मुलाने बॅग उचलून जागा केली. बसून त्यांनी चपला काढल्या, सुजलेले पाय गार फरशीवर टेकवले आणि सर काय सांगतात ते ऐकू लागल्या.